घरगुती डबा, हडपसर : तीन महिन्यांचा हिशेब

आधी कामाचं सांगतो. हडपसरला गाडीतळापासून आत, चालत सात-आठ मिनिटांवर एक ताई घरून डबे देतात. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या मुलाचा आग्रह होता, "काका, रिव्ह्यू टाका की." आणि ताईंचा त्याहून मोठा आग्रह होता की नाव अजिबात टाकू नका. "बेचाळीस डबे आहेत, काका. पन्नास झाले की कुकर दोनदा लावावा लागतो, मग कुणाच्या तरी डब्यात कच्चा भात जातो." तेव्हा दोघांचंही ऐकलं. रिव्ह्यू आहे, नाव नाही. ज्याला हवा त्याने गाडीतळाच्या बाजूला खोली करून राहणाऱ्या कुठल्याही पोराला विचारावं.

लेकीच्या बाळंतपणाला आमची ही नाशिकला गेली ती तीन महिन्यांसाठी. मला चहा आणि खिचडी येते. म्हणून डबा लावला.

पूर्ण डबा म्हणजे चार पोळ्या, एक सुकी भाजी, आमटी नाहीतर वरण, भात आणि चटणी किंवा लोणचं. दोन्ही वेळचे मिळून महिन्याला 4,200 रुपये. अर्धा डबा म्हणजे दोन पोळ्या, भाजी, आमटी, भात नाही. त्याचे 2,900. स्टीलच्या दोन डब्यांचं डिपॉझिट 500. रविवारी रात्री सुट्टी. मंगळवारी आणि शनिवारी पोळीऐवजी ज्वारीच्या दोन भाकरी हव्या असतील तर आदल्या रात्री नऊच्या आत कळवायचं. दुपारचा डबा साडेबाराला, रात्रीचा आठला. झाकणाला रबर आहे, आमटी सांडत नाही. पिशवी मात्र महिनाभर तीच असते, ती बदलायला सांगावी लागते.

चव कशी आहे असं मला विचारू नका. म्हणजे वाईट नाहीच. गवार, मटकी, दोडका, भरलं वांगं, शनिवारी येसर आमटी, सगळं घरच्यासारखं. तेल थोडं जास्त. पण चवीच्या बाबतीत माझी साक्ष कच्ची आहे. ही म्हणते, "तुम्हाला जेवण आवडलं का ते कधी कळत नाही, संपलं एवढंच कळतं." एका गोष्टीवर तेवढं ठामपणे बोलू शकतो, ती म्हणजे शेंगाचटणी. मी करमाळा तालुक्यातला, सोलापूर जिल्हा. चटणी उखळात कुटलेली की मिक्सरमधली हे मला डोळे मिटून कळतं. ताईंची कुटलेली आहे. तिला तेल सुटतं आणि चिमूट दाबली की गोळी होते. पैकीच्या पैकी.

आता तक्रार. भात फार असतो. डब्याचा खालचा कप्पा भाताने गच्च भरलेला, वरून उलथन्याने दाबलेला. मला आठ वर्षांपासून साखरेचा त्रास आहे. पहिल्याच आठवड्यात ताईंना सांगितलं की भात निम्मा करा. दोन दिवस निम्मा आला, तिसऱ्या दिवसापासून परत डोंगर. पुन्हा सांगितलं. पुन्हा दोन दिवस. कारण नंतर कळलं, ते पुढे सांगतो.

डॉक्टरांनी मला एका वेळी दोन पोळ्या सांगितल्या आहेत. तेवढ्या मला पुरतात. तर मग अर्धा डबा का लावला नाही? ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, एकटेच ना? अर्धा बास होईल." मी म्हणालो, पूर्ण द्या. महिन्याचे 1,300 रुपये जास्त. 31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो, सुट्ट्या आठ आण्यांसाठी लोकांशी भांडलोय. तो माणूस महिन्याला तेराशे रुपये कशाचे देत होता? खरं उत्तर असं की दोन पोळ्या खायच्या असल्या तरी ताटात चार दिसाव्या लागतात. दोनच असल्या की पहिला घास घेतानाच मी शेवटच्या घासापाशी पोचलेला असतो. चार असल्या की दोन खाऊन उठता येतं, आणि पोट भरलंय हे पोटाला पटतं.

उरलेल्या दोन मी टाकत नाही. वर्तमानपत्रावर पसरून वाळवायच्या, कुटके करायचे, पत्र्याच्या डब्यात भरायचे. सकाळी कांदा-मिरचीच्या फोडणीत परतले की नाश्ता. पण रोज दोन वेळच्या मिळून चार उरतात आणि नाश्त्याला दोनच लागतात. हिशेब तुम्हीच करा. हिचा फोन आला की तान्ह्या नातवाची खबर देऊन झाल्यावर ठरलेला प्रश्न : "किती डबे भरले?" मी विषय बदलायचो.

दुसरी एक गंमत. महिनाभराने ताई म्हणाल्या, "काका, डबा घासून पाठवायची गरज नाही हो, आम्ही घासतोच." मी म्हणालो, घासला नाही. त्यांना कळेना. जेवण झालं की मी डब्यात थोडं पाणी घालतो, बोटाने फिरवतो आणि पितो. आमटीच्या वाटीतही तसंच. लहानपणापासूनची सवय आहे, घरी ताटही तसंच धुऊन पितो. लग्नाच्या पंगतीत करत नाही, लेकीने बजावलंय. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "कुठलं साल, काका?"

बहात्तर, म्हणालो.

मी तेव्हा दहा वर्षांचा. एकाहत्तरला पाऊस कमी पडला, बहात्तरला पडलाच नाही. विहिरीच्या तळाला बादली टेकल्याचा आवाज यायचा. बैल गेले, मग आईच्या पाटल्या गेल्या, मग वडील मुंबईला गेले. गावापासून दोन कोसांवर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. आई आणि थोरला भाऊ तिथे जायचे. आई पाटी उचलायची, भाऊ खडी फोडायचा. नुसत्या आमच्या घरची ही कथा नाही. मे 1973 मध्ये राज्यात जवळजवळ 50 लाख माणसं अशा कामांवर होती. पुढे त्याचाच 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 2005 मध्ये दिल्लीने तसा कायदा सगळ्या देशासाठी केला. त्या तलावात अजूनही एखाद्या वर्षी पाणी असतं.

रेशनला मिलो मिळायचा. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. आईच्या हातची भाकरी कधी मोडायची नाही, पण मिलोची परातीतच चिरायची. गरम असेपर्यंत कशीबशी खायची, गार झाली की दातांची परीक्षा. गाजरगवत मिलोबरोबर आलं असं आमच्या गावात अजून शपथेवर सांगतात. ते पुण्यात पन्नासच्या दशकातच दिसलं होतं. पण त्या सालावर काय काय खापर फोडावं याला मर्यादा नाही. कामावर पोरांना सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाच्या वासाची, गोडसर. मुठीत घ्यायची आणि घरी येईपर्यंत जिभेच्या टोकाने थोडी थोडी उचलायची. दोन कोस पुरवायची. मी अजून कुठलीही गोड वस्तू तशीच खातो. बाकीचं जेवण मात्र दहा मिनिटांत. वस्तीच्या गाडीवर असताना ते सोयीचं पडलं, ड्रायव्हर म्हणायचा, तुमच्याबरोबर गाडी कधी लेट नाही.

एकाच टोपल्यातली भाकरी खाल्लेल्या माणसांना वेगवेगळं काय काय लागतं, याचं मला नवल वाटतं. थोरल्या भावाकडे जेवायला गेलात तर ताटावरून उठून दाखवा. हात आडवा धरलात तर बोटांवर वाढेल. त्याच्या घरी माणूस "बास" म्हणाला की त्याचा अपमान होतो. आणि तांबूस रंगाची ज्वारी त्याला नुसती दाखवली तरी तो पाणी प्यायला उठतो. आईचं निराळंच. तिने मरेपर्यंत रात्री टोपलं रिकामं ठेवलं नाही. एक भाकरी त्यात राहायलाच हवी. ती सकाळी कुत्र्याला घातली तरी चालेल, पण रात्री नसली तर तिला झोप लागायची नाही. मी पोळ्या वाळवतो ते बहुतेक तिच्याकडून आलेलं.

आणि धाकटी बहीण. तिचा जन्म 73 च्या वैशाखातला. तिला त्यातलं काही आठवणं शक्यच नाही. ती पोटात असताना आई पाटी उचलत होती. बहीण अंगाने किडकिडीत, पहिल्यापासून मोजून खाणारी, आणि तिला साखर निघाली छत्तिसाव्या वर्षी. मला तरी पंचावन्नला. माझ्या डॉक्टरांनी एकदा पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाबद्दल सांगितलं होतं. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला. आपल्याकडची बाळं जन्मतः वजनाने कमी, दिसायला बारीक, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, आणि पुढे मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते असं त्यातून पुढे आलं. बहिणीचं कारण तेच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणत नाही. पण ते ऐकून घरी आल्यावर आईचा पाटी घेतलेला फोटो असता तर बरं झालं असतं, असं वाटलं. तेव्हा फोटो कोण काढणार.

लेक मला असलं काही बाही वाचायला पाठवत असते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुणांना मुद्दाम सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धातल्या उपाशी लोकांना परत खायला कसं घालावं हे शिकायचं म्हणून. ती पोरं ताटल्या चाटायला लागली, अन्नाशी खेळत तासन् तास जेवायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. भरपूर खायला मिळाल्यावरही पोट भरल्यासारखं वाटेना. लेकीने खाली लिहिलं होतं, "अप्पा, हे तुम्ही." मला त्या पोरांबद्दल माया वाटली. पण ती आपणहून गेली होती, आणि शेवटची तारीख त्यांना माहीत होती. आम्हाला पाऊस कधी येणार ते कुणी सांगितलं नव्हतं.

आता फेब्रुवारीतला एक गुरुवार, कारण रिव्ह्यूत वाईट दिवसही यायला हवा. साडेबारा वाजले, डबा नाही. पाऊण वाजला. मी खाली फाटकाशी जाऊन उभा राहिलो. फोन लावला, उचलला नाही. एक वाजता ताईंच्या मुलाचा फोन आला, "काका, गाडी पंक्चर आहे, आज जरा लेट होईल."

घरात काय होतं ते सांगतो. कोठीत साठ किलो ज्वारी. तांदूळ. फ्रिजमध्ये दूध, सहा अंडी. हिने करून ठेवलेला चिवडा. वर पत्र्याच्या डब्यांत माझे कुटके. फाटकाच्या समोर वडापावची गाडी. आणि मी त्या फाटकाशी उभा, हात थरथरताहेत. वर गेलो, म्हटलं साखर उतरली असेल. मशीनवर बोट टोचून पाहिलं : 148. म्हणजे साखर नव्हे. तरीही मी चिवड्याला हात लावला नाही. परत खाली जाऊन उभा राहिलो. का, ते तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

डबा आला दोन वाजून दहा मिनिटांनी. पोरगा घामाने निथळत होता. त्याला मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने डबा खाली ठेवला आणि एवढंच म्हणाला, "काका, दीड तासच झालाय." वर जाऊन मी मोबाईल काढला, एक स्टार दिला आणि खाली चार ओळी खरडल्या. मग जेवलो. मेथीची भाजी होती. जेवून डबा धुऊन प्यायलो, आणि मग आठवलं.

कामावर हप्ता वाटायचा दिवस ठरलेला असायचा, पण हजेरीचं मस्टर आणि पैसे येतीलच असं नसायचं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही धाकटी पोरं वेशीत जाऊन बसायचो. आई लांबून दिसली की पहिल्यांदा तिच्या कमरेकडे बघायचं. कमरेला खोचलेला पदराचा ओटा फुगलेला असला की धावत जायचं. नसला की ती जवळ येऊन म्हणायची, "मस्टर आलं नाही." बास, तीन शब्द. ती रडायची नाही, आम्हीही नाही. घरी आदल्या दिवसाचं थोडं पीठ असलं तरी त्याला कुणी हात लावायचा नाही, ते उद्याचं. आणि इथे पोरगा फोनवर म्हणाला, आज जरा लेट होईल.

तो एक स्टार मी पुसला. संध्याकाळी ताईंच्या घरी गेलो. पोराला सॉरी म्हणणं मला जमत नाही, आमच्या पिढीला ते वळण नाही. जाताना पंक्चरचे शंभर रुपये घेऊन गेलो. त्याने घेतले नाहीत. ताईंनी चहा केला.

तेव्हा भाताचं कळलं. ताई बीडकडच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन गाडी निघायची ती उन्हाळा लागेपर्यंत. ताई सातव्या वर्षापासून कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायच्या. पहाटे केलेली भाकरी दुपारी फडात गार खायची, सोबत मिरची नाहीतर मीठ. भात क्वचित. कुणी कारखान्यावर मेलं किंवा कुणाचं लग्न ठरलं, की भात. "भात असला की समजायचं आज कुणी मोजत नाही," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या, "तुमचं साखरेचं ध्यानात असतं, काका. निम्मा घालते. मग डब्यात ती मोकळी जागा दिसते. ती बघवत नाही." मी त्यांना माझ्या चार पोळ्यांचं सांगितलं नाही. पण त्यांना ठाऊक असावं. घासलेल्यासारखे डबे रोज त्यांच्याच हातात जात होते.

त्यानंतर मी भाताबद्दल बोललो नाही. निम्मा खायचा, उरलेला रात्री वॉचमनला. तो बिहारचा आहे, खूश. तुम्हाला साखर असेल तर मात्र सरळ अर्धा डबा लावा. भाताचं नुसतं तोंडी सांगण्यात अर्थ नाही.

मार्चमध्ये ताईंच्या मुलाने नवीन योजना काढली : मिलेट डबा, महिन्याला 600 रुपये जादा. कागदावर छापलं होतं, नाचणी, बाजरी, ज्वारी, पौष्टिक. 2023 साली भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून ही हवा आहे. नमुना म्हणून सगळ्या डब्यांत एक-एक नाचणीचा लाडू आला. झाकण उघडलं आणि तो वास आला, भाजलेल्या पिठाचा. मी लाडू हातात घेतला आणि गॅलरीत जाऊन चव्वेचाळीस मिनिटं पुरवला. घड्याळ लावलं होतं. लाडू पाचपैकी पाच. योजनेला मात्र माझा पाठिंबा नाही. जी भाकरी गरिबाची म्हणून लोक लपवून खायचे, तिचे सहाशे रुपये जादा कशाचे? भावाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "तांबडी असली तर मला फुकटसुद्धा नको."

बाकी बारीकसारीक. लोणचं विकतचं आहे. रविवार दुपारच्या डब्यात गोड असतं, शिरा किंवा खीर. उपासाला साबुदाणा मिळतो, आदल्या दिवशी सांगा. तीन महिन्यांत एकदाच मीठ जास्त पडलं आणि ताईंनी स्वतःच फोन केला, "आज आमटी खारट झालीय, पाणी घालून घ्या." असा फोन करणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. बिल महिन्याच्या पाच तारखेला. उशीर झाला तर मागत नाहीत, पण आपण उशीर करू नये.

चार स्टार. एक कापला तो तेलाचा. गुरुवारचा नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ही परत आली. आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीकडे बघितलं, डबे मोजले, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एक मोठी पिशवी भरून कुटके गोठ्यावर पाठवले, एक डबा ठेवला. डबा बंद करायला मी ताईंकडे गेलो. डिपॉझिटचे पाचशे परत मिळाले. त्या म्हणाल्या, आजचा दुपारचा केलाय, घेऊन जा, वहिनींना दाखवा.

घरी येऊन उघडला. पोळ्या सहा होत्या. मी दोन खाल्ल्या.